गाडी उभी करण्याची किंमत

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात लॅरमी ते रॉलिन्स हा शंभर मैलांच्या आसपासचा रस्ता आहे. देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या इंटरस्टेट 80 या महामार्गाचा हा तुकडा. त्याची आखणी चालू होती तेव्हा तिथले जुने गुरंवाले सांगत होते की एल्क माउंटनच्या कडेने रस्ता नेऊ नका, तिथला वारा माणसाला उभं राहू देत नाही. जुना रस्ता मेडिसिन बोवरून वळसा घालून जातो तो काही उगीच नाही. इंजिनिअरांनी मैल वाचवले. ऑक्टोबर 1970 मध्ये रस्ता वाहतुकीला खुला झाला आणि चारच दिवसांनी हिमवादळाने बंद पडला. ते व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. तिथल्या ‘हो ची मिन्ह ट्रेल’वरून लोकांनी या रस्त्याला ‘स्नो ची मिन्ह ट्रेल’ म्हणायला सुरुवात केली, आणि ट्रकवाल्यांच्या तोंडी ते नाव आजही आहे.

या रस्त्यावर बर्फ वरून पडतो त्यापेक्षा आडवा जास्त येतो. दोन दिवसांपूर्वी पडून गेलेला भुसभुशीत बर्फ वारा उचलतो आणि डांबरावरून वाहून नेतो. डोक्यावर निळं आकाश असतं आणि समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. तो अडवायला मैलोगणती उंच लाकडी कुंपणं उभारली आहेत. गावांच्या वेशीवर रस्ता बंद करायची फाटकं आहेत. फाटक पडलं की लॅरमीत, रॉलिन्सला, शायेनला ट्रकच्या रांगा लागतात. ड्रायव्हर चडफडतात, पण त्या चडफडण्यात एक सुटकाही असते. निर्णय सरकारने घेतलेला असतो. मालकाला फोन करायचा, रस्ता बंद आहे म्हणायचं, विषय संपला.

अडचण फाटक उघडं असतानाची आहे.

रस्ता कागदोपत्री चालू, पुलावर मात्र पारदर्शक बर्फाचा पापुद्रा, आणि मागे ऐंशी हजार पौंडांची, म्हणजे छत्तीस टनांची गाडी. अशा वेळी पुढे जायचं की थांबायचं, हे ठरवणारा माणूस अमेरिकी कायद्याने नेमून ठेवला आहे. केंद्र सरकारच्या मोटर वाहतूक नियमांतलं 392.14 हे कलम त्याचंच. बर्फ, गारपीट, धुकं, पाऊस, धूळ, धूर यांनी दिसणं किंवा टायरची पकड कमी झाली तर ड्रायव्हरने कमालीची सावधगिरी बाळगायची, वेग कमी करायचा. परिस्थिती पुरेशी धोकादायक झाली तर गाडी थांबवायची आणि सुरक्षितपणे चालवता येईपर्यंत पुन्हा काढायची नाही. ‘पुरेशी धोकादायक’ म्हणजे किती? वाऱ्याचा वेग, बर्फाची जाडी, काहीही आकडा कलमात नाही. अवजड वाहनाच्या परवान्यासाठी जी पुस्तिका वाचावी लागते ती थोडी मोकळेपणाने बोलते: ओल्या रस्त्यावर वेग एक तृतीयांशाने कमी, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर निम्मा किंवा त्याहूनही कमी, आणि निव्वळ बर्फाची काच असेल तर सरपटत जा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा.

सल्ला चोख आहे. तो पाळणाऱ्याचं त्या दिवशीचं पोट कोण भरणार, हे मात्र पुस्तिकेत नाही.

लांब पल्ल्याच्या अमेरिकी ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी पगार मैलावर मिळतो. चाक फिरलं तर पैसे. वेग निम्मा केला तर तासाची कमाई निम्मी. थांबला तर शून्य. 1938 च्या कामगार कायद्याने चाळीस तासांवरच्या कामाला दीडपट मोबदला दिला, पण राज्याराज्यांतून माल नेणारे ट्रक ड्रायव्हर त्यातून वगळले गेले, ते आजही वगळलेलेच आहेत. 1980 साली वाहतूक धंद्यावरचं सरकारी दरनियंत्रण उठलं, कंपन्यांची गर्दी झाली, भाडी उतरली आणि टीमस्टर्ससारख्या बलाढ्य युनियनची लांब पल्ल्यावरची पकड सैल झाली. बहुतेक राज्यांत नोकरीचा करार असा असतो की मालक कधीही, कारण न देता काढू शकतो. शिवाय ड्रायव्हरची नोकरीची कुंडली ठेवणाऱ्या खाजगी संस्था आहेत. मागच्या मालकाने तिथे ‘माल वाटेत सोडून गेला’ असा शेरा मारला की पुढचा मालक फोनसुद्धा उचलत नाही. वीस लाखांहून जास्त माणसं या धंद्यात आहेत आणि त्या शेऱ्याची धास्ती बर्फाच्या धास्तीहून लहान नसते.

म्हणजे जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरची आणि ती पार पाडण्याचा खर्चही पूर्ण त्याचाच. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. सुरक्षितता हा त्याच्या शहाणपणाचा प्रश्न आहे असं कंपन्या पोस्टरवर छापतात, तेव्हा त्या एक खर्चाची बाब आपल्या वहीतून काढून त्याच्या वहीत टाकत असतात.

ही मेख कोर्टात कशी उघडी पडली, त्याची गोष्ट 2009 च्या जानेवारीतली आहे. अल्फॉन्स मॅडिन ट्रान्सअ‍ॅम ट्रकिंग या कंपनीत ड्रायव्हर होता. इलिनॉय राज्यातून इंटरस्टेट 88 वरून तो मांसाने भरलेला ट्रेलर नेत होता. रात्रीचे अकरा वाजलेले, तापमान शून्याच्या पुष्कळ खाली. डिझेलचा काटा रिकाम्याच्याही खाली गेला होता आणि कंपनीने ठरवून दिलेला पंप काही सापडेना. म्हणून त्याने गाडी कडेला घेतली. दहा मिनिटांनी निघायला गेला तर ट्रेलरचे ब्रेक जाम.

इथे जरा ब्रेकबद्दल सांगायला हवं. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. हवा दाबून टाकीत भरली की तिच्यातला दमटपणा पाणी होऊन साठतो. ते पाणी नियमाने काढून टाकावं लागतं. कडाक्याच्या थंडीत ते नळ्यांमध्ये, व्हॉल्व्हमध्ये गोठतं. ओले ब्रेक-शू ड्रमला चिकटून गोठतात, तेही होतं. आणि या ब्रेकची रचनाच अशी की हवा पोहोचली नाही तर स्प्रिंग ब्रेक लावून धरते. हवेची नळी फुटली तर गाडी सुसाट सुटू नये म्हणून केलेली ही सोय. थंडीत तीच सोय गाडीला जागेवर खिळवून टाकते.

मॅडिनने 11:17 वाजता कंपनीला कळवलं. मेकॅनिक पाठवतो, असं उत्तर आलं. वाट पाहताना त्याच्या लक्षात आलं की झोपायच्या जागेचा हीटर चालत नाही आणि केबिनमध्येही ऊब नाही. त्याचा डोळा लागला. 1:18 ला त्याच्या नात्यातल्या एकाचा फोन आला म्हणून तो जागा झाला. त्या नातेवाइकाने पुढे साक्षीत सांगितलं की त्याची जीभ जड झाली होती, बोलणं भरकटत होतं. उठून बसला तर धड बधिर, पाय आहेत की नाहीत ते कळेना. ही लक्षणं थंडीने शरीर बंद पडायला लागल्याची आहेत. आणि त्या अवस्थेत माणसाला झोपच हवीशी वाटते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्याने पुन्हा डिस्पॅचला, म्हणजे कंपनीच्या गाड्या हलवणाऱ्या कक्षाला, फोन केला. हीटर बंद आहे, माझी अशी अवस्था आहे, मेकॅनिक कधी येतोय? पलीकडून सांगण्यात आलं, दम धर.

आणखी अर्धा तास गेला. मग त्याने ट्रेलर सोडवला, नुसता ट्रॅक्टर, म्हणजे पुढचा इंजिनाचा भाग, काही फूट पुढे घेतला आणि सुपरवायझरला फोन लावला. सुपरवायझरने बजावलं की ट्रेलर सोडून जायचं नाही. एक तर जाम ब्रेकचा ट्रेलर तसाच ओढत ने, नाहीतर तिथेच थांब. पहिला पर्याय म्हणजे न फिरणारी चाकं घासत, रात्री, महामार्गावर, मागून येणाऱ्या भरधाव गाड्यांच्या पुढ्यात सरपटणं. दुसरा म्हणजे आधीच दोन तास चाललेलं गोठणं पुढे चालू ठेवणं. मॅडिन ट्रॅक्टर घेऊन ऊब शोधायला निघाला. पंधरा मिनिटांनी मेकॅनिक पोहोचला, तेव्हा मॅडिन परत आला, ट्रेलर दुरुस्त झाला. मालाचं काही बिघडलं नाही; थंडीत मांसाचं काय बिघडणार म्हणा.

आठवड्याच्या आत त्याला काढून टाकलं. कारण: नेमून दिलेल्या फेरीवर असताना माल सोडून गेला.

अमेरिकेत 1982 चा एक कायदा आहे, रस्ते वाहतूक साहाय्य कायदा. नाव निधीवाटपाचं असलं तरी त्यात ड्रायव्हरला संरक्षण देणारं कलम आहे. सुरक्षेबद्दल तक्रार केली म्हणून, किंवा नियमभंग होईल अशी अथवा स्वतःला वा लोकांना गंभीर इजा होण्याची रास्त भीती असलेली गाडी चालवायला नकार दिला म्हणून, मालकाला त्याला काढता येत नाही. मॅडिनने त्याखाली कामगार खात्याकडे तक्रार केली. खात्याच्या सुरक्षा विभागाने ती आधी फेटाळली. तो अपिलात गेला. खात्याच्या न्यायाधीशाने आणि मग पुनरावलोकन मंडळाने त्याच्या बाजूने निकाल दिला, नोकरी परत आणि मधल्या काळाचा पगार. कंपनी दहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयात गेली. ऑगस्ट 2016 मध्ये तिथेही दोन विरुद्ध एक असा मॅडिन जिंकला. एका रात्रीतल्या साडेतीन तासांच्या हिशोबाला साडेसात वर्षं लागली.

विरोधात मत देणारे न्यायाधीश होते नील गोर्सच. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे, कारण तो मूर्खपणाचा नाही. ते म्हणाले, कायद्याने संरक्षण दिलंय ते गाडी चालवायला नकार देणाऱ्याला. मॅडिनने नकार दिला नाही, त्याने गाडी चालवली. मालकाने चालवू नको सांगितलं असताना चालवली. थांबण्याचा पर्याय कंपनीने दिला होता आणि तो बेकायदा नव्हता. कंपनीचं वागणं शहाणपणाचं किंवा दयेचं होतं का, हा प्रश्न कुणी विचारावा, पण ते ठरवणं आमचं काम नाही. त्यांनी दाखलाही दिला: साहेबाने कर्मचाऱ्याला सांगितलं की ऑफिसचा कॉम्प्युटर सांगितल्याप्रमाणे चालव किंवा चालवायला नकार दे, तर त्याचा अर्थ त्यावर बसून महान कादंबरी लिही असा कुणी घेईल का?

दाखला उबदार खोलीत सुचलेला आहे हे सांगायला नकोच. पण तो बाजूला ठेवला तरी युक्तिवादात एक खोट राहते. बहुमताच्या न्यायाधीशांनी पाहिलं की मॅडिनला चालवायला सांगितलेली गाडी ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून होती. ती सांगितल्या पद्धतीने चालवायला त्याने नकारच दिला होता. कलमातला शब्द दोन्ही अर्थांना वाव देत असेल तर खात्याने लावलेला अर्थ वाजवी आहे, तो आम्ही मान्य करतो, असं त्यांनी म्हटलं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवायला हवं.

निकालानंतर सहा महिन्यांच्या आतच गोर्सच यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं आणि वर्तमानपत्रांनी मॅडिनचं ‘गोठलेला ट्रकवाला’ असं बारसं केलं. मार्च 2017 मध्ये सिनेटच्या सुनावणीत मिनेसोटाचे सिनेटर अल फ्रँकन यांनी हीच गोष्ट तपशिलात सांगितली आणि विचारलं, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? मिनेसोटाच्या माणसाला थंडी समजावून सांगावी लागत नाही. गोर्सच म्हणाले, मी त्याच्या जागी नव्हतो, काय केलं असतं सांगता येत नाही. त्याने केलं त्याबद्दल मी त्याला क्षणभरही दोष देत नाही. फ्रँकन पूर्वीचे विनोदी नट. हास्यास्पद गोष्टी ओळखण्यात आपली हयात गेली, असं सांगून त्यांनी ही त्यांतलीच एक असल्याचा निर्वाळा दिला. पुढच्या महिन्यात गोर्सच यांनी शपथ घेतली.

मला या प्रकरणात कोर्टापेक्षा हीटर जास्त महत्त्वाचा वाटतो. ट्रकचं इंजिन चालू ठेवलं तर केबिन गरम राहतं. पण उभ्या गाडीचं इंजिन तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल खातं. कंपन्यांना तो खर्च नको असतो, आणि अनेक राज्यांत धुरामुळे उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्यावर मर्यादा आहेत. कॅलिफोर्नियात ती पाच मिनिटांची आहे. म्हणून वेगळं छोटं युनिट बसवतात. ते बंद पडलं की दुरुस्तीची घाई कुणाला? गाडी तर चालतेय. कायद्यात ब्रेकला जागा आहे, टायरला आहे. माणूस ज्यात झोपतो त्या डब्याची ऊब मात्र वर्षानुवर्षं चैनीच्या खात्यावर मांडली गेली. आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या टोकाने घडली. त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांत ट्रकच्या केबिनमध्ये माणूस भाजतो हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. तरी केबिन वातानुकूलित करण्याचा नियम खर्चाच्या कारणाने रेंगाळला, असं खुद्द नागपूरकर मंत्री नितीन गडकरी यांनीच 2023 मध्ये जाहीर सांगितलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना आता ती सक्ती आहे. जुन्या गाड्यांचं काय, हे विचारायचं नसतं.

‘थांबा’ म्हणणाऱ्या नियमात आणखी एक भोक आहे. थांबायचं कुठे? अमेरिकेत ट्रक उभे करायच्या जागा कमी आहेत आणि वादळाच्या रात्री त्या संध्याकाळीच भरतात. मॅडिनच्या रात्रीनंतर दोनच महिन्यांनी, मार्च 2009 मध्ये, जेसन रिव्हनबर्ग हा दुधाचा माल घेऊन निघालेला ड्रायव्हर ठिकाणावर वेळेआधी पोहोचत होता म्हणून साउथ कॅरोलायनात एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथे सात डॉलरसाठी त्याचा खून झाला. त्याच्या पत्नीने लढा दिला, 2012 मध्ये त्याच्या नावाने वाहनतळांसाठीचा ‘जेसन्स लॉ’ आला. तळांची टंचाई अजून आहेच.

थांबलं नाही तर काय होतं त्याला टेक्ससमधल्या फोर्ट वर्थची 11 फेब्रुवारी 2021 ची सकाळ पुरेशी आहे. बर्फाची फारशी सवय नसलेलं शहर, गोठत्या पावसाने उंचावरचा टोल रस्ता काच झालेला, आणि एकमेकांवर आदळत गेलेल्या 130 गाड्या, त्यांत मोठे ट्रक. सहा माणसं गेली. चौकशीत रस्ता सांभाळणाऱ्या कंपनीकडे बोट गेलं: बर्फरोधक द्रावण मारून बराच वेळ उलटला होता आणि उंच रस्त्यावर बर्फ धरतोय का हे नीट पाहिलं गेलं नव्हतं. म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालच्या ब्रेकआधी निर्णय घेणारी पुष्कळ माणसं असतात. अमेरिकी महामार्ग प्रशासनाच्या आकड्यांप्रमाणे बर्फाळ रस्त्यांवरच्या अपघातांत वर्षाला 1,300 हून जास्त माणसं मरतात.

सरकारला हे कळत नाही असं नाही. जानेवारी 2016 पासून आणखी एक नियम लागू आहे. ड्रायव्हरने ‘गाडी काढली तर नियम मोडेल’ असं सांगितल्यावरही मालकाने, माल पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याने किंवा मधल्या दलालाने नोकरीची किंवा पुढच्या भाड्याची धमकी दिली तर तो दंडनीय दबाव. माल घेणारा आणि दलालही त्यात आले ही यातली चांगली गोष्ट, कारण ‘पहाटे पाचला माल गोदामात हवा’ हा हुकूम बहुतेकदा तिकडूनच निघतो. वादळात अडकलेल्याला ठरलेल्या अकरा तासांवर दोन तास जास्त चालवायची मुभाही आहे. या सवलतीकडे ड्रायव्हर संशयाने बघतात आणि ते बरोबर आहे: दमलेल्या माणसाला वाईट रस्त्यावर आणखी दोन तास, ही मुभा डिस्पॅचरच्या हातात गेली की तिचा हुकूम होतो.

आपल्या नाशिकचा कांदा आणि द्राक्षं दिल्लीकडे जातात तेव्हा बर्फ लागत नाही, धुकं लागतं. डिसेंबर-जानेवारीत आग्र्याच्या पुढे पांढऱ्या भिंतीत गाडी घालावी लागते. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात जड वाहनांना ताशी 60 ची मर्यादा घालतात, तिथे निदान आकडा तरी आहे. पण माल नाशवंत, बाजारभाव सकाळचा, आणि उशीर झाला तर भाड्यातून कापून घेणारा व्यापारी. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचं काम ठरवलं होतं. हायवेवरच्या कुठल्याही धाब्यावर हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावं. धुक्यात गाडी काढायला नकार दिला म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला नोकरी परत मागता येईल असं अमेरिकेच्या 1982 च्या कायद्यासारखं कलम आपल्याकडे नाही. त्याच्याकडे बहुधा नेमणुकीचा कागदही नसतो. शेठने दुसरा ड्रायव्हर बसवला की झालं.

म्हणूनच जानेवारी 2024 च्या पहिल्या दिवशी देशभर ट्रक उभे राहिले, महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा शहरी माणसाला जे दिसलं ते अपुरं होतं. नव्या न्याय संहितेतल्या 106 (2) कलमात अपघातानंतर न कळवता पळून गेलेल्याला दहा वर्षांपर्यंत कैद होती; जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची कमाल शिक्षा दोन वर्षं. अपघात करून पळणाऱ्यांची बाजू घेताय, असं टीव्हीवर विचारलं गेलं. जमावाच्या हाती सापडण्याची भीती ड्रायव्हरांनी सांगितली, ती खरी होती. पण धुक्यात, चौदाव्या तासाला, कुणाच्या घाईने गाडी रस्त्यावर होती, हे विचारणारं कलम त्या संहितेत नव्हतं आणि संपकऱ्यांच्या मागण्यांतही ते ठळकपणे आलं नाही. सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं होतं.

त्याच सुमारास अमेरिकेत मॅडिनच्या विजयाचा आधार निसटला. 28 जून 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने 1984 चा ‘शेव्हरॉन’ निकाल रद्द केला. कायद्यातला शब्द संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मान्य करावा, हे तत्त्व त्यातलं. 2016 मध्ये बहुमताने याच तत्त्वावर मॅडिनला नोकरी परत दिली होती. आता अर्थ न्यायाधीशांनी स्वतः लावायचा. गोर्सच या निकालात बहुमतासोबत होते आणि त्यांनी शेव्हरॉनविरुद्ध स्वतंत्र, लांबलचक मतही जोडलं. जुन्या तत्त्वावर दिलेले निकाल तेवढ्या कारणाने उलटणार नाहीत, असं न्यायालयाने स्पष्ट केलं, त्यामुळे मॅडिनचा निकाल दहाव्या सर्किटमध्ये उभा आहे. ते सर्किट म्हणजे कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, कॅन्सस, ओक्लाहोमा आणि न्यू मेक्सिको. मॅडिन गोठला त्या इलिनॉयचं सर्किट वेगळं. तिथल्या न्यायाधीशांवर तो निकाल बंधनकारक नाही. पुढच्या ड्रायव्हरच्या हातात तक्रारीसाठी 180 दिवस आहेत, आणि ब्रेक गोठल्याचं, हीटर बंद असल्याचं त्याने किती वाजता लेखी कळवलं ती नोंद.